आतून लागणारी कडी

११ मार्च २००१, रविवार

अभयचे आईवडील बुद्धपौर्णिमेला येणार! नागपूरहून. दोन दिवस आपल्याकडेच राहणार — प्रियाने भाजी निवडता निवडता सांगून टाकलं. मी म्हटलं, येऊ देत की, आनंदच आहे. पण दोघींच्या डोक्यात एकच गोष्ट. संडास.

पोरगी कॉम्प्युटर कंपनीत इंजिनिअर. अभय तिच्याच ऑफिसातला, गुणी पोरगा. त्याचे वडील हिंमतराव सरकारात मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले. नागपुरात बंगला, आणि प्रिया सांगते, बंगल्यात तीन बाथरूम. माणसं दोन, बाथरूम तीन! आमच्याकडे येरवड्यात दोन खोल्या, वर पत्रा, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मोरी, मोरीला माझ्या जुन्या साडीचा पडदा. संडास गल्लीच्या टोकाला, सगळ्या गल्लीचा मिळून.

हे फॅक्टरीतून आल्यावर सांगितलं. म्हणाले, "हॉटेलात उतरवू त्यांना."

"होणाऱ्या व्याह्यांना हॉटेलात?"

"मग काय, बाथरूम बांधू?"

चेष्टेत म्हणाले. मी हसले नाही.

१२ मार्च

बांधायचं. ठरलं. मागच्या दाराशी सासूबाईंची शेळी बांधायची जागा आहे. शेळी कधीच गेली, नुसता खुंटा उरलाय.

१५ मार्च

सासूबाईंना कळलं. वादळ! "घरात संडास? जितं रांधायचं तितंच त्ये? आमच्या लोणीत असलं कुनी ऐकलं बी न्हाई. म्या पाय टाकायची न्हाई त्यात, आधीच सांगून ठेवते."

पण लोणी काळभोरची मीही आहेच की! माहेर तेच. तिथे न्हाणी म्हणजे अंगणात एक सपाट दगड आणि तीन बाजूंनी उसाच्या पाचटाचा आडोसा. चौथ्या बाजूला आई पाठ करून उभी राहायची — तेच आमचं दार. वारा सुटला की पाचट उडायचं आणि आम्ही बहिणी किंचाळायचो. लग्न होऊन इथे आले तर घरात मोरी! केवढी हरखले होते तेव्हा. मग एकेक बदलत गेलं. बंब गेला, स्टोव्हवरचं पातेलं आलं, मग गॅस. घंगाळ मोडीत, प्लॅस्टिकची बादली घरात. शिकेकाई गेली, शांपूच्या पुड्या आल्या. नळ आत आला. पडदा तेवढा पडदाच राहिला. परकर छातीशी आवळून, एक कान बाहेर ठेवून आंघोळ — कोण कधी पाणी प्यायला आत येईल नेम नाही. आंघोळ कसली, चोरीच ती.

२० मार्च

कचरू गवंडी टेप घेऊन आला. "वहिनी, कमोड का साधा?" जागा एकाचीच. घरात मतदान झालं. प्रिया — कमोड. हे — साधा. ("खुर्चीवर बसून मला फॅक्टरीच्या मीटिंगची आठवण येईल.") सासूबाईंनी मतदानावर बहिष्कार टाकला. पण त्यांचेच गुडघे बघून मी कमोडच्या बाजूने हात वर केला.

"म्हातारी वापरणार नाही म्हणते," कचरू म्हणाला.

"तिचे गुडघे वापरतील," मी म्हटलं.

२५ मार्च, रविवार

भवानी पेठेत फरशा बघायला गेलो, मी आणि प्रिया. पांढऱ्या फरशीवर निळी फुलं — मी सहज बोट फिरवलं. दुकानदार नाकावरचा चष्मा न हलवता म्हणाला, "हात लावू नका. डाग पडतात."

"अहो, ही बाथरूमलाच लावायची ना?"

"लावा. पण तुमची झाल्यावर."

प्रियाला हसू आवरेना. घेतली तीच. पाय घसरू नये म्हणून खाली खडबडीत. शॉवर पण घेतला! हे विचारतील तर सांगायचं फुकट मिळाला.

येताना बसमध्ये प्रियाने ऑफिसातल्या बाथरूमचं वर्णन केलं. हात पुढे केला की नळ आपोआप सुटतो. आरसा भिंतभर. मी विचारलं, म्हणून तू सकाळी सात वाजताच पळतेस होय गं? चेष्टाच केली होती. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हो. इथे रांगेत डबा घेऊन उभी राहिले की समोरून कंपनीची गाडी जाते. मी तिकडे जाऊनच सगळं करते, आई. पोहोचेपर्यंत पाणीसुद्धा पीत नाही."

मला माहीतच नव्हतं. रोज डब्याबरोबर पाण्याची बाटली भरून देते मी तिला.

२ एप्रिल

भिंती उठल्या! दाराची चौकट बसली. हे येता-जाता आत डोकावतात आणि बाहेर येऊन "हं" म्हणतात.

८ एप्रिल, रविवार

अडलं. संडासाचा पाइप रस्त्यावरच्या चेंबरपर्यंत न्यायचा तर वाट वेणूबाईंच्या ओट्याखालून. मी हसत हसत विचारायला गेले. वेणूबाई म्हणजे सख्खी शेजारीण, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, मी ह्या गल्लीत आले तेव्हा पहिला चहा तिच्या घरचा. वाटलं होतं, चहाच टाकेल. तर म्हणाली, "माझ्या दारातून तुमची घाण? नाही चालणार."

"अहो वेणूबाई, पाइप बंद असतो —"

"असू दे. बांध तू तुझा महाल."

दार लावून घेतलं. माझ्या तोंडावर! आजवर त्या दाराला मी कधी कडी बघितली नव्हती.

१० एप्रिल

पहाटे वेणूबाईंची हाक आली नाही. एकटीच गेले. संडासाच्या दाराची कडी किती वर्षं तुटलेली आहे. एकीने आत जायचं, दुसरीने बाहेरून दार धरायचं — आमचं हे ठरलेलं. दार धरता धरता सगळ्या जगाच्या गप्पा. माझ्या बाळंतपणात तिने धरलं, तिचा नवरा गेला त्या महिन्यात मी. आज एका हाताने आतूनच धरून बसले.

१२ एप्रिल

कचरूने तोड काढली. वेणूबाईंचा ओटा सोडायचा, गल्लीच्या बरोबर मधून पाइप टाकायचा. दोन दिवसांचं काम. मी खूश! मग तो डोकं खाजवत म्हणाला, "फक्त एक हाय वहिनी. गल्ली एवढीशी. तुमचा पाइप मधून गेला की उद्या दुसऱ्या कुणाला टाकायला जागा न्हाई ऱ्हायची."

मी म्हटलं, टाक. तो उद्या कुदळ घेऊन येतो.

१३ एप्रिल

कुदळ आली. मी परत पाठवली.

पहाटे संडासाशी वेणूबाई भेटली. एकमेकींकडे न बघता उभ्या राहिलो. तिचा नंबर आला. ती आत गेली, मी न बोलता दार धरलं. आतून आवाज आला, "तुझं घरात झालं की माझं दार कोण धरणार गं, कुसुम?"

रागाने नाही म्हणाली. खरंच विचारत होती. ओट्याचं काही नव्हतंच मुळी.

घरी येऊन चहा टाकला, तो उतू गेला. मग डोक्यात आलं — एकटीचा पाइप कशाला? मोठी लाइन टाकायची. सगळ्या गल्लीची. सरकारी. ज्याला जोडायचं त्याने जोडावं. वेणूबाईंकडे गेले, सांगितलं. ती म्हणाली, "माझा ओटा पहिला फोड."

आता ती लाइन पौर्णिमेच्या आत होत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल.

१४ एप्रिल

जयंती. सगळी वस्ती निळी. प्रिया माझ्याशी बोलत नाही. "दोन दिवसांत होत होतं, आई! गल्लीची काळजी तुला नंतर नसती का करता आली? मी त्यांच्या आईला काय सांगू — टमरेल घ्या?"

बरोबर आहे तिचं. माझंही बरोबर आहे. मिरवणुकीत दोघी शेजारी चाललो.

२२ एप्रिल, रविवार

आंघोळीचं पाणी गटारात जातं, म्हणजे तेवढा भाग तरी चालू! फरशा लागल्या, शॉवर लागला, दार बसलं. कमोड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पाहुण्यासारखा कोपऱ्यात बसलाय. पहिली आंघोळ मी करायची असं ह्यांनीच ठरवलं. "सकाळपासून आरती ओवाळल्यासारखी फिरतेयस, जा एकदाची."

कडी लावली. काढली. पुन्हा लावली. हलवून बघितली — पक्की!

परकर काढला. मुलगी लग्नाला आलेली बाई मी, आणि चारी बाजूंनी बंद जागेत, उजेडात, स्वतःला आज पहिल्यांदा नीट बघितलं. उजव्या कमरेवर तीळ आहे मला! इतकी वर्षं माझ्याबरोबर आहे आणि ओळख आज. शॉवर सोडला तर पाणी एकदम डोक्यावर — मी ओरडले! बाहेरून हे, "काय झालं, काय झालं?" म्हटलं काही नाही, छान आहे! मग गाणं म्हटलं. आवाज त्या फरशांमध्ये असा घुमतो की मीच चाट.

बाहेर आले तर सासूबाई म्हणाल्या, "मेली का काय वाटलं आत. एवढा येळ काय धुत होतीस?"

"काही नाही, नुसती उभी होते."

खरंच तेवढंच. नुसती उभी होते, आणि कुणाला उत्तर द्यायचं नव्हतं.

७ मे, सोमवार. बुद्धपौर्णिमा

काल सकाळी आले! हिंमतराव उंच, कडक, बूट पॉलिश केलेले. शर्मिलाताई गोल, हसऱ्या. अभय त्यांना आधी स्वतःच्या फ्लॅटवर घेऊन गेला होता — विश्रांतवाडीत चार पोरं मिळून राहतात. त्या आल्या त्याच कपाळाला हात लावून. "काय सांगू ताई, फ्लॅट नवाकोरा. पण पोट्ट्यांनी बाथरूमची काय दशा करून ठेवलीय! मी दारातूनच वापस. त्यापेक्षा जंगल बरं!"

मी धीर करून सांगून टाकलं — आंघोळीची सोय आहे, संडासाची नाही. गल्लीची लाइन व्हायची आहे म्हणून थांबलोय. प्रिया मागे ओठ चावत उभी.

हिंमतरावांचा चेहरा काही कळेना. विचारलं, "तुमची तेवढी टाकता आली असती म्हणता?"

"आली असती. मग शेजारच्यांची कधीच आली नसती."

ते उठून दाराबाहेर गेले आणि गल्ली न्याहाळू लागले. गेलं, म्हटलं, लग्न!

आज पहाटे वेणूबाईंची हाक. मी निघाले तर शर्मिलाताई पदर खोचून तयार. "काहून लाजता? मी काय बंगल्यात जन्मली का? आमच्या गावात नाल्याकाठी जायचो आम्ही, पावसात छत्री धरून." तिघी गेलो. त्या आत असताना वेणूबाईंनी दार धरलं, आणि शर्मिलाताई आतून वेणूबाईंना विचारतायत की पुण्यात चांगली साडी कुठे मिळते! मी हसून हसून भिंत धरली.

दुपारी विहारात वंदना. खीर झाली. संध्याकाळी हिंमतराव बाथरूममध्ये शिरले ते बराच वेळ बाहेरच येईनात. शॉवरखाली चक्क गात होते! बाहेर येऊन म्हणाले, "आवाज छान घुमतो."

मग बूट घालता घालता, मान वर न करता म्हणाले, "मी नोकरीत होतो तेव्हा असे कागद माझ्या टेबलावर यायचे. एकटा माणूस आला की आम्ही 'बघू' म्हणायचो. जायचं तर पाच-सहा जणींनी जा. आणि उभ्या राहू नका, बसा. बसलेल्या बायकांना उठवता येत नाही." दुसऱ्या बुटाची नाडी बांधत, "लग्न दिवाळीनंतर ठेवू. चालेल?"

चालेल! प्रियाने माझा हात इतका दाबला की बांगडी वाढली.

११ जून, सोमवार

गेलो. महापालिकेच्या ऑफिसात. मी, वेणूबाई आणि गल्लीतल्या चौघी. साहेब म्हणाले, "बघू." आम्ही बसलो. जेवणाची सुट्टी झाली, साहेब जेवून आले, आम्ही तिथेच. चहा प्यालो होतो, त्याने आपलं काम दाखवलं. वेणूबाई माझ्या कानात म्हणाली, आता होत नाही गं.

मी उठून साहेबांच्या टेबलाशी गेले. "साहेब, बायकांची सोय कुठे आहे?"

त्यांनी शिपायाकडे बघितलं. शिपायाने छताकडे. एक होती म्हणे, तिच्यात जुने कागद भरलेत.

"मग आम्ही कुठे जायचं?"

साहेबांचे कान लाल. म्हणाले, "बाई, घरी जाऊन या."

"घरी असती तर इथे कशाला आलो असतो?"

अख्खं ऑफिस हसलं. साहेबही हसले, मग ओशाळले. त्यांच्याच खोलीतली किल्ली काढून दिली. आम्ही सहाही जणी एकेक करून साहेबांच्या संडासात जाऊन आलो! वेणूबाई बाहेर येऊन म्हणाली, "कडी चांगली आहे हो."

पुढच्या आठवड्यात माणूस बघायला येतो म्हणाले. घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं.

२० जून

माणूस आला नाही. आम्ही गेलो. बसलो.

२२ जून

आला!

३ ऑगस्ट

मंजूर. पावसाळा संपला की खोदाई. मधल्या काळात पलीकडच्या दोन गल्ल्यांतल्या बायका माझ्याकडे ब्लाउज शिवून घ्यायला म्हणून येतात आणि कापड न देताच बसतात. "कुसुमताई, आमच्याकडे कधी येता?" हे म्हणतात, मशीनवर धूळ बसली, तुझ्यावर नाही.

२१ ऑक्टोबर, रविवार

खोदाई! वेणूबाईंनी आपल्या ओट्यावर पहिला घाव स्वतःच्या हाताने घातला. कचरू ओरडला, "मावशी, पायावर पडंल!" सगळी गल्ली चिखल. घरात जायचं तर फळीवरून, तारेवरच्या कसरतीसारखं. ह्यांची चप्पल खड्ड्यात गेली, तिच्यावर पाइप बसला. आता ती सरकारी झाली.

२ नोव्हेंबर

जोडलं. पाणी ओतून बघितलं — गेलं! आम्ही सगळे कमोडभोवती उभे राहून टाळ्या वाजवत होतो. बाहेरच्या माणसाला काय वाटलं असेल!

६ नोव्हेंबर

सासूबाई तयार नाहीत. गुडघा सुजला तरी काठी टेकत गल्लीच्या टोकाला.

८ नोव्हेंबर

दुपारी मशीनवर होते. मागे कडी वाजली. मी पाय थांबवला. बऱ्याच वेळाने पाण्याचा आवाज — एकदा. मग पुन्हा. मग पुन्हा! तीनदा ओढलं म्हातारीने. बाहेर आल्या, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पानी लई जातंय त्यात."

मी म्हटलं, हो सासूबाई.

"गुडघं दुखलं न्हाई पन."

२५ नोव्हेंबर, रविवार

प्रियाचं लग्न झालं. विहारात, साधं, सुरेख. पांढऱ्या साडीत पोरगी! हिंमतरावांनी भाषणात आमच्या गल्लीच्या लाइनचा उल्लेख केला. लग्नात ड्रेनेजवर भाषण — आमच्याकडेच! लोक हसले, टाळ्या पण पडल्या. निघताना प्रिया माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "आई, त्या दिवशी मी रागावले होते ना, ते अजून थोडं आहे हं. पण थोडंच."

तिच्या नव्या फ्लॅटमध्ये दोन बाथरूम आहेत. घरी आलो तर आमच्या एकातच वेणूबाईंची आंघोळ चालली होती. तिच्या बाथरूमचं प्लॅस्टर अजून ओलं आहे. आतून गाणं ऐकू येत होतं, बेसूर. मी बाहेर बसून रडले थोडी. मग मीही सूर धरला.

९ डिसेंबर, रविवार

आपल्या वॉर्डातली एक जागा महिलांसाठी राखीव निघाली म्हणे. संध्याकाळी तिन्ही गल्ल्यांतल्या बायका दारात. पुढे वेणूबाई. "आमचं ठरलंय. निवडणुकीला तू उभी राहायचं."

मी म्हटलं, वेड लागलं का! ब्लाउज शिवणारी बाई मी. ह्यांच्याकडे बघितलं — काहीतरी बोला म्हणून. हे पेपर घडी करून म्हणाले, "माझ्याकडे काय बघतेस? मत हवं असेल तर मागायला लागतं."

मागितलं. सगळ्यांच्या देखत, हात जोडून.